सागरातील गोवर : डॉल्फिन आणि देवमाशांचा मेंदूरोग

समुद्रकिनाऱ्यावर एखादा डॉल्फिन किंवा देवमासा येऊन पडला की पंचक्रोशीतील लोक तो पाहण्यासाठी गर्दी करतात. एवढा प्रचंड आणि पोहण्यात तरबेज असलेला प्राणी वाळूत कसा रुतला, असा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. कोणी भरती-ओहोटीला दोष देतात, कोणी जहाजांना, तर कोणी वादळाला. ही कारणे अनेकदा खरीही असतात. तथापि गेल्या चार दशकांत जगातील निरनिराळ्या किनाऱ्यांवर झालेल्या संशोधनातून आणखी एक कारण पुढे आले आहे. किनाऱ्याला लागलेले हे प्राणी पुष्कळदा वाट चुकलेले नसतात, तर आजारी असतात. आणि त्या आजारांपैकी सर्वांत घातक असा एक आजार त्यांच्या फुप्फुसांप्रमाणेच मेंदूवरही आघात करतो. त्याचे मूळ एका विषाणूत आहे आणि तो विषाणू मानवाला परिचित असलेल्या गोवराचा सख्खा भाऊबंद आहे.

एकाच कुळातील रोग

शास्त्रज्ञांनी ज्या विषाणूंच्या गटाला 'मॉर्बिली' असे नाव दिले आहे, त्या गटात मोजकेच परंतु अत्यंत उपद्रवी विषाणू येतात. माणसांतील गोवर, गुरांतील बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर आणि कुत्र्यांतील डिस्टेंपर हे रोग या एकाच गटातील विषाणूंमुळे होतात. डॉल्फिन, पॉरपॉइज आणि देवमासे यांना ग्रासणारा विषाणू याच कुळातील आहे. या सर्व रोगांची चाल बरीचशी सारखी असते. विषाणू श्वासावाटे शरीरात शिरतो, रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींवर प्रथम हल्ला चढवितो, मग शरीरभर पसरतो, आणि रोगी वाचला तर त्याला बहुधा जन्मभराची प्रतिकारशक्ती देऊन जातो.

या कुळाशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. बुळकांडीने गेल्या शतकात आणि त्यापूर्वी या देशातील शेतकऱ्यांचे गोठेच्या गोठे रिकामे केले. गुरांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून १८८९ मध्ये पुणे येथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि पुढे तिचाच विस्तार भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत झाला. लसीकरण आणि चिकाटीची पाहणी यांच्या बळावर २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये संपूर्ण जग बुळकांडीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून पूर्णपणे निर्मूलन झालेला हा दुसरा रोग होय. जमिनीवर मानवाने ज्या शत्रूला असे पराभूत केले, त्याचाच एक भाईबंद समुद्रात मात्र मोकळा वावरत आहे.

रोगाचा शोध कसा लागला

समुद्रातील या रोगाची ओळख पटली ती १९८८ साली. त्या वर्षी एप्रिलमध्ये डेन्मार्कच्या अनहोल्ट बेटावर सील या प्राण्यांचे मृत्यू होऊ लागले आणि पाहता पाहता उत्तर समुद्राच्या काठाने ही साथ ब्रिटनपर्यंत पोहोचली. सुमारे १८,००० सील मृत्युमुखी पडले. कुत्र्यांच्या डिस्टेंपरसारखा परंतु वेगळा असा एक विषाणू या मृत्यूंमागे असल्याचे सिद्ध झाले. संशोधक या साथीचा माग काढीत असतानाच आयर्लंडच्या किनाऱ्यावर सापडलेल्या काही मृत पॉरपॉइजांच्या शरीरांतही मॉर्बिली विषाणू आढळला. डॉल्फिन-देवमाशांच्या गणातील प्राण्यांत हा विषाणू असल्याचा तो पहिला पुरावा होता.

अमेरिकेतील घटना याहूनही बोधप्रद आहे. १९८७ आणि १९८८ या वर्षांत न्यू जर्सीपासून फ्लॉरिडापर्यंतच्या अटलांटिक किनाऱ्यावर बॉटलनोज जातीचे ७४० हून अधिक डॉल्फिन मृत अथवा मरणोन्मुख अवस्थेत वाहून आले. किनाऱ्यालगत स्थलांतर करणाऱ्या या डॉल्फिनांपैकी जवळजवळ निम्मे नष्ट झाले असावेत, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. चौकशीअंती 'लाल भरती' निर्माण करणाऱ्या सूक्ष्म शैवालाचे विष माशांवाटे डॉल्फिनांच्या पोटात गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. परंतु मृत डॉल्फिनांच्या अवयवांचे नमुने जपून ठेवलेले होते. १९९४ मध्ये त्यांची नव्या पद्धतीने पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तपासलेल्या प्राण्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या शरीरांत मॉर्बिली विषाणूच्या खुणा स्पष्टपणे दिसून आल्या. नमुने जतन केले नसते तर या महामारीचे खरे कारण कायमचे अंधारात राहिले असते.

भूमध्य समुद्रातील महामारी

या रोगाचे सर्वांत भयानक रूप भूमध्य समुद्राने पाहिले. जुलै १९९० मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया शहराजवळील किनाऱ्यावर पट्टेदार जातीचे डॉल्फिन मरून पडू लागले. थोड्याच महिन्यांत ही साथ स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरून फ्रान्स आणि इटलीकडे सरकली, १९९१ मध्ये दक्षिण इटली व ग्रीसपर्यंत गेली आणि १९९२ मध्ये तुर्कस्तानच्या बाजूला पोहोचली. किनाऱ्यावर शेकडो शवे मिळाली. समुद्रातच बुडालेल्यांचा हिशोब कोणालाही ठेवता आला नाही. मृतांची एकूण संख्या काही हजारांच्या घरात असावी, असे मानले जाते. जेथे साथीचा जोर सर्वाधिक होता, त्या भागात डॉल्फिनांच्या कळपांचा सरासरी आकार पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान झाल्याचे आढळले.

कळप हा डॉल्फिनांच्या जीवनाचा आधार आहे. भक्ष्य शोधणे, पिलांचे रक्षण करणे, शत्रूला तोंड देणे ही सर्व कामे ते एकजुटीने करतात. त्यामुळे साथीत जे मेले तेवढीच हानी झाली असे नव्हे. जे वाचले त्यांचेही जगणे अवघड होऊन बसले.

विषाणू शरीरात काय करतो

डॉल्फिन आणि देवमासा यांना मासे म्हटले जात असले तरी ते सस्तन प्राणी आहेत. त्यांना कल्ले नसून फुप्फुसे असतात आणि डोक्याच्या वरच्या बाजूस असलेल्या श्वसनछिद्रातून ते हवा घेतात. श्वास घेण्यासाठी कळपातील प्राणी वारंवार आणि पुष्कळदा एकाच वेळी, अगदी शेजारी शेजारी पृष्ठभागावर येतात. रोगी प्राण्याने जोराने बाहेर टाकलेल्या उच्छ्वासातील तुषार जवळच्या निरोगी प्राण्याच्या श्वासात सहज जातात. दाटीवाटीच्या वर्गात जसा एका मुलाचा गोवर साऱ्या वर्गाला होतो, तसाच हा प्रकार आहे.

शरीरात शिरलेला विषाणू प्रथम लसीका ग्रंथींतील संरक्षक पेशींत वाढतो. परिणामी प्राण्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि एरवी निरुपद्रवी ठरणारे जिवाणू, बुरशी व परजीवी यांना मोकळे रान मिळते. त्यानंतर विषाणू फुप्फुसांत पसरतो आणि न्यूमोनिया होतो. अनेक पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या पेशी, तसेच पेशींच्या आत दिसणारे विशिष्ट रंगग्राही कण ही या रोगाची ठळक चिन्हे होत.

तिसरा आघात मेंदूवर होतो. विषाणू मेंदूत पोहोचल्यावर तेथील पेशींचा दाह सुरू होतो आणि चेतापेशी मरू लागतात. अशा प्राण्याला तोल सावरता येत नाही, त्याच्या शरीराला कंप सुटतो, तो एका जागी गोल फिरत राहतो किंवा बंदरात शिरून होड्यांवर आदळतो. डॉल्फिन ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून दिशा व भक्ष्य ओळखतो. ही सारी कामगिरी मेंदूच्या सूक्ष्म व्यवस्थेवर अवलंबून असते. ती व्यवस्थाच बिघडली तर खोल पाणी कोणते आणि उथळ कोणते याचे भान त्याला राहणे कठीण. किनाऱ्यावर येऊन पडणे हा अशा वेळी रोगाचा शेवटचा टप्पा असतो.

साथ सरल्यानंतरचा रोग

साथ ओसरली म्हणजे धोका संपला असे मात्र होत नाही. भूमध्य समुद्रातील महामारी संपल्यानंतरच्या काळात स्पेनच्या किनाऱ्यावर तुरळकपणे येऊन पडलेल्या काही पट्टेदार डॉल्फिनांची तपासणी झाली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसून आली. त्यांच्या फुप्फुसांत किंवा लसीका ग्रंथींत विषाणूचा मागमूस नव्हता. तो केवळ मेंदूत दडून बसला होता. साथीच्या वेळी हे प्राणी वाचले होते, शरीराने विषाणूला हुसकावून लावले होते, परंतु मेंदूत उरलेल्या विषाणूने सावकाश आपले काम चालूच ठेवले होते.

मानवी वैद्यकाला हा प्रकार अपरिचित नाही. लहानपणी गोवर येऊन गेलेल्या फार थोड्या मुलांना काही वर्षांनंतर मेंदूचा एक हळूहळू वाढणारा रोग जडतो. अभ्यासातील मागासलेपणा, स्वभावातील बदल, झटके आणि अखेर मृत्यू असा त्याचा क्रम असतो. या रोगावर खात्रीचा उपचार नाही. गोवर होऊ न देणे हाच त्यावरील उपाय आहे. वृद्ध कुत्र्यांतही डिस्टेंपरच्या विषाणूमुळे मेंदूचा असाच विकार होतो. डॉल्फिनांतील दीर्घकालीन मेंदूरोगाची या दोन्हींशी तुलना केली जाते. एकटाच डॉल्फिन किनाऱ्याला लागलेला असेल आणि बाहेरून त्याच्या अंगावर कोणतीही खूण नसेल, तरीही त्याचा मेंदू तपासणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानी येईल.

साथ परत का येते

भूमध्य समुद्रात २००६-०७ मध्ये हा रोग पुन्हा उद्भवला. या वेळी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळील पायलट देवमाशांत तो आधी दिसला आणि नंतर पट्टेदार डॉल्फिनांत पसरला. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर जुलै २०१३ ते मार्च २०१५ या काळात दुसरी मोठी साथ आली आणि तीत न्यूयॉर्कपासून फ्लॉरिडापर्यंत १,६०० हून अधिक बॉटलनोज डॉल्फिन किनाऱ्याला लागले. पहिल्या साथीनंतर तब्बल पंचवीस वर्षांनी हे घडले.

या अंतराचे कारण गोवराच्या अभ्यासातून समजते. साथीतून वाचलेल्या प्राण्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि ते पुन्हा रोगाला बळी पडत नाहीत. कळपात अशा प्राण्यांचे प्रमाण मोठे असेपर्यंत विषाणूला वाट मिळत नाही. परंतु वर्षे लोटतात, जुनी पिढी सरते, रोग न पाहिलेली नवी पिढी वाढते आणि कळप पुन्हा निराधार होतो. अशा वेळी बाहेरून आलेला एखादा रोगवाहक प्राणी ठिणगीचे काम करतो. उत्तर अटलांटिकमधील पायलट देवमाशांच्या तपासणीत बहुसंख्य प्राण्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली आहेत. मोठ्या कळपांनी दूरदूर फिरणारे हे प्राणी इतर जातींच्या डॉल्फिनांतही मिसळतात. म्हणून विषाणूची ने-आण त्यांच्याकडून होत असावी, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

रोगाचा विस्तार या दोन समुद्रांपुरता मर्यादित नाही. हवाई बेटांपैकी माउई येथे २०१० मध्ये किनाऱ्याला लागलेल्या लाँगमन जातीच्या चोचधारी देवमाशात विषाणूचा एक वेगळाच प्रकार सापडला. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो राज्याच्या उपसागरांत २०१७ च्या अखेरीस गयाना डॉल्फिनांत साथ पसरली आणि २०० हून अधिक प्राणी दगावले. एकाच उपसागरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जातीच्या दृष्टीने हा आघात फार मोठा होता.

मानवाचा हातभार

विषाणू निसर्गाचा असला तरी त्याच्या संहाराला मानवाचा हातभार लागतो काय, हा प्रश्न संशोधकांपुढे प्रथमपासून आहे. १९९० च्या साथीत मेलेल्या पट्टेदार डॉल्फिनांच्या चरबीत पीसीबी या रसायनांचे प्रमाण निरोगी डॉल्फिनांपेक्षा बरेच अधिक आढळले. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील तेलात आणि इतर उद्योगांत ही रसायने एकेकाळी सर्रास वापरली जात. ती सहजासहजी नष्ट होत नाहीत. पाण्यातून सूक्ष्मजीवांत, त्यांतून लहान माशांत, मग मोठ्या माशांत आणि शेवटी डॉल्फिनांत अशी ती साचत जातात. मादीच्या दुधावाटे तिच्या पहिल्या पिलाला या विषाचा मोठा वाटा मिळतो. ही रसायने प्रतिकारशक्ती दुर्बल करतात हे प्रयोगांती दिसून आले आहे.

डॉल्फिनांच्या बाबतीत मात्र या पुराव्याचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. विषामुळे दुर्बल झालेले प्राणी रोगाला आधी बळी पडले, असे काहींना वाटते; तर आजारात अंगावरची चरबी झडल्यामुळे उरलेल्या चरबीतील विषाचे प्रमाण वाढले असावे, असे इतरांचे म्हणणे आहे. हा वाद मिटलेला नसला तरी सावधगिरीचा मार्ग स्पष्ट आहे. २००१ मध्ये स्वीकारलेल्या स्टॉकहोम करारान्वये ही रसायने जगातून हद्दपार करण्याचे राष्ट्रांनी ठरविले असून भारतही या करारात सहभागी आहे.

रोगनिदान आणि उपाय

रोगाचे निदान शवविच्छेदनावर अवलंबून असते. मेंदू, फुप्फुसे, प्लीहा आणि लसीका ग्रंथी यांचे तुकडे दोन प्रकारे जतन करावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, तर विषाणूची जनुकीय ओळख पटविण्यासाठी अतिथंड तापमानात गोठवितात. उष्ण हवेत शव लवकर कुजते आणि मेंदू तर सर्वांआधी पातळ होतो. त्यामुळे वेळेला अतिशय महत्त्व आहे. ब्रुसेला जातीचा जिवाणू व टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी यांमुळेही डॉल्फिनांच्या मेंदूला दाह होतो. म्हणून केवळ लक्षणांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

मुक्त समुद्रात लाखोंच्या संख्येने वावरणाऱ्या डॉल्फिनांना लस टोचणे व्यवहार्य नाही. जेथे संख्या अल्प आणि प्राणी किनाऱ्यावर विसावणारे आहेत, तेथे मात्र हा प्रयोग झाला आहे. हवाई बेटांवरील मंक सील या दुर्मिळ प्राण्यांना २०१६ पासून मॉर्बिली विषाणूविरुद्ध लस देण्यात येऊ लागली. त्यांची संख्या दीड हजारांच्या आसपासच असल्याने एक साथही सर्वनाशाला पुरेशी ठरली असती. डॉल्फिन व देवमाशांच्या बाबतीत समुद्राची स्वच्छता, भक्ष्य माशांचे रक्षण, जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू टाळणे आणि रोगाची अखंड पाहणी एवढेच उपाय हाती राहतात. इतर संकटांनी खचलेला कळप साथीतून लवकर सावरत नाही. सुदृढ कळप सावरू शकतो.

कोकण किनाऱ्यासाठी बोध

भारताच्या किनाऱ्यांवरही डॉल्फिन व देवमासे येऊन पडतात. तामिळनाडूतील तुतिकोरिन परिसरात जानेवारी १९७३ मध्ये जवळजवळ दीडशे पायलट देवमासे किनाऱ्याला लागले होते. त्याच भागात जानेवारी २०१६ मध्ये ऐंशीहून अधिक देवमाशांच्या बाबतीत तसेच घडले. रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे जून २०१५ मध्ये आलेला निळा देवमासा वाचू शकला नाही. अशा प्रत्येक घटनेमागे हा विषाणूच असतो असे मुळीच नाही. जाळी, जहाजांची धडक, उपासमार, पाण्याखालील प्रचंड आवाज, आईपासून झालेली ताटातूट अशी कितीतरी कारणे संभवतात. परंतु तपासणी झाल्याशिवाय खरे कारण कळत नाही, आणि शव घाईने पुरून टाकले तर ते कधीच कळत नाही.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या प्राण्यांना कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्याला लागलेल्या सागरी प्राण्यांबाबत काय करावे, यासंबंधी केंद्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. महाराष्ट्रात वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून कार्यरत आहे. तथापि किनाऱ्यावर पहिला माणूस पोहोचतो तो कोळी बांधव किंवा जवळचा ग्रामस्थ. त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवल्या तर मोठे काम होईल.

प्राणी जिवंत असल्यास प्रथम वन विभागाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. त्याच्या अंगावर ओले कापड घालून पाणी शिंपडत राहावे, सावली करावी. परंतु डोक्यावरील श्वसनछिद्र झाकू नये व त्यात पाणी जाऊ देऊ नये. शेपटीला किंवा परांना दोर बांधून ओढू नये. गर्दी आणि गोंगाट टाळावा. प्राण्याला घाईने पाण्यात ढकलणे हे दयेचे कृत्य वाटले, तरी तो आजारी असल्यास पुन्हा किनाऱ्याला लागण्याचा संभव असतो, आणि रोग संसर्गजन्य असल्यास कळपात जाऊन तो इतरांनाही देऊ शकतो. म्हणून हा निर्णय पशुवैद्यकावर सोपवावा. प्राणी मृत असल्यास त्याला हात लावू नये, मांस किंवा चरबी काढू नये आणि कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नये. डॉल्फिनांचा मॉर्बिली विषाणू माणसाला झाल्याची नोंद नाही. परंतु ब्रुसेलासारखे जिवाणू माणसाला बाधू शकतात, हे विसरून चालणार नाही.

बुळकांडीचे निर्मूलन केवळ प्रयोगशाळेतील लसीमुळे झाले नाही. आपल्या गोठ्यातील आजारी जनावराची वेळेवर वर्दी देणाऱ्या असंख्य पशुपालकांचाही त्यात वाटा होता. समुद्रातील रोगांवर लस देऊन मात करणे आज शक्य नसले, तरी वर्दी देणे शक्य आहे. वाळूवर पडलेले प्रत्येक शव हे समुद्राच्या आरोग्याचे एक निवेदन असते. ते वाचले जाईल की पुरले जाईल, हे किनाऱ्यावरील पहिल्या काही तासांत ठरते.